बाळंतिणीच्या शेगडीची हकिगत

आपल्या भीमाकाठच्या गावांत बाळंतिणीची खोली म्हटली की चार वस्तू डोळ्यांपुढे येतात. सुंभाने विणलेली बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, शेगडीवर टाकलेल्या ओवा-शेपांचा वास आणि दाराला लावलेला जाड पडदा किंवा गोणपाट. यांतली शेगडी ही मला फार विचार करण्यासारखी वस्तू वाटते. चूल घरातल्या सर्वांची, पण ही शेगडी दोनच जीवांची. एक नुकती मोकळी झालेली आई आणि दुसरे काही दिवसांचे, तोंडाने सांगता न येणारे मूल. त्यांना ऊब किती हवी, ती कोणी ठरवायची आणि कशी मोजायची, याला मोठा इतिहास आहे. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत तो माझ्या समजुतीप्रमाणे मांडत आहे. भगिनींनी तो गोड मानून घ्यावा.

बाळंतिणीजवळ विस्तव ठेवण्याची चाल आपल्या आजीपणजीने काढलेली नव्हे, ती फार जुनी आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत बाळंतिणीच्या खोलीला सूतिकागार म्हणतात. सुश्रुतसंहितेत ही खोली आठ हात लांब व चार हात रुंद असावी आणि तिचे दार पूर्वेला किंवा दक्षिणेला असावे असे सांगितले आहे. चरकसंहितेत या खोलीत सतत अग्नी ठेवायला सांगितला असून त्याला तिंदुकाचे जळण घालावे असे म्हटले आहे. तिंदुक म्हणजे आपली टेंभुर्णी, जिच्या जातीच्या पानांच्या विड्या वळतात ते झाड. आपल्या माढा तालुक्यातल्या, धरणापासून जवळच्या मोठ्या गावाचे नावही टेंभुर्णीच आहे. लाकूड कोणते हे त्या काळच्या लोकांनी ठरवून दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जे हाताला लागेल ते जाळावे असे त्यांनी म्हटले नाही. विस्तव आणि खोली यांचा विचार त्यांनी एकत्र केला.

आता आपल्याकडची जुनी घरे आठवा. उजनी धरणाचे काम 1966 साली सुरू झाले आणि 1980 साली धरण पुरे झाले. त्यापूर्वी भीमेच्या काठावर करमाळा, माढा व इंदापूर या तालुक्यांची जी गावे होती, त्यांतली कित्येक आज यशवंतसागराच्या पाण्याखाली आहेत. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ वर येते आणि म्हाताऱ्या माणसांना जुन्या गावाच्या गल्ल्या आठवू लागतात. त्या गावांतून मातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे पुष्कळ होती. माळवदाला धूर जाण्यासाठी झरोका ठेवीत. दारांना फटी असत, भिंतीत कोनाडे असत. घर अंधारे असले तरी हवा वरून बाहेर निघून जाण्याची वाट असे. मातीची भिंत दिवसा तापे आणि रात्री हळूहळू ऊब सोडी. म्हणून पौष-माघाच्या थंडीतही शेगडीला फार काम नसे.

जळण गोवरीचे, तुराट्यांचे, बाभळीच्या फाट्याचे. यांतली तुराटी लवकर भडकते आणि लवकर विझते. बाभळीचा निखारा दाट आणि दमाचा. गोवरी सावकाश धुमसते. जाणत्या बायका चुलीत बाभूळ पेटवून तिचा धूर निघून गेला, ज्वाळ बसली आणि लाल निखारा झाला की मगच तो शेगडीत घेत. ओले लाकूड किंवा नुसती गोवरी बाजेखाली ठेवीत नसत. धूर बाळाच्या डोळ्यांत आणि छातीत जातो हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते.

ऊब मोजायला त्यांच्यापाशी काय होते? चार-पाच साध्या परीक्षा होत्या. त्या मी माझ्या आजेसासूकडून ऐकल्या आणि पुढे त्यांचा अर्थ समजून घेण्याचा प्रयत्न केला.

पहिली परीक्षा हाताच्या पाठीची. बाजेवर बाळ जिथे निजते तिथे तळहात न ठेवता हाताची पालथी बाजू धरायची. भाकरी थापून, तव्यावरून उलथून आणि खुरपे धरून आपले तळवे राठ झालेले असतात, त्यांना ऊन लवकर कळत नाही. हाताच्या पाठीची कातडी पातळ असते, तिला लगेच कळते. दुसरी परीक्षा कोपराची. न्हाऊ घालण्याचे पाणी घंगाळात काढून त्यात विसण घातले की सुईण कोपर बुडवून पाही. कोपराला पाणी ना ऊन ना गार लागले म्हणजे ते अंगाच्या उबेइतके आहे. आजच्या हिशेबाने हे पाणी 37 ते 38 अंशांचे होते आणि डॉक्टर लोकही बाळाच्या आंघोळीला तेवढेच पाणी सांगतात.

तिसरी परीक्षा तव्याची. बाळाला शेकण्याचे फडके तव्यावर गरम करीत. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो चर्र करून आटला तर तवा बेताचा. थेंब मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर नाचू लागला तर तवा फार तापला, फडके ठेवू नये. हा नाचणारा थेंब योहान लाइडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने 1756 साली पुस्तकात लिहून ठेवला आणि शास्त्रात त्याला त्याचेच नाव मिळाले. धातू सुमारे 200 अंशांच्या आसपास तापला की थेंबाच्या खाली वाफेची गादी होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो. आपल्या बायका हा थेंब रोज भाकरीच्या वेळी पाहतात.

चौथी परीक्षा निखाऱ्याच्या रंगाची. अमेरिकेतल्या जॉन ड्रेपर या शास्त्रज्ञाने 1847 साली दाखवून दिले की कोणताही घन पदार्थ तापवला तरी तो सुमारे 525 अंशांना अंधारात लाल दिसू लागतो. काळसर लाल निखारा म्हणजे 600 ते 700 अंश आणि नारिंगी झाला म्हणजे 900 च्या पुढे. म्हणून जुन्या बायका नारिंगी निखारा बाजेखाली सरकवीत नसत, वर राख पसरून त्याला निमवीत. राखेने ऊब हळूहळू बाहेर येते. मात्र राखेखाली निखारा तसाच धगधगीत राहतो आणि वरून काही दिसत नाही. रांगत्या-चालत्या मुलांचे हात-पाय भाजतात ते बहुधा अशाच झाकल्या निखाऱ्याने. त्यासाठी शेगडीभोवती पाट उभे करण्याची रीत होती, ती फार शहाणपणाची होती.

पाचवी परीक्षा खुद्द बाळाची. पोटाला हात लावायचा आणि पायाच्या तळव्याला लावायचा. हिच्याकडे मी पुढे वळेन.

या सगळ्या परीक्षा ऊब ओळखण्याच्या झाल्या. परंतु शेगडीतून उबेबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर पडते. ती हाताच्या पाठीला कळत नाही, कोपराला कळत नाही, नाकाला तर मुळीच कळत नाही. ती म्हणजे कोळशाचा विषारी वायू. याला शास्त्रात कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. लाकूड भडभडून जळते तेव्हा त्याला हवा भरपूर मिळते. निखारा राखेखाली धुमसतो तेव्हा हवा कमी पडते आणि अर्धवट जळून हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून आपण दार उघडतो. धूर गेलेला लाल निखारा मात्र सोज्ज्वळ दिसतो आणि त्यानेच फसगत होते.

हा वायू निराळा म्हणून ओळखला गेला तो 1800 साली, इंग्लंडात, विल्यम क्रुकशँक यांच्या हातून. तो माणसाला कसा मारतो हे फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनी 1857 साली सांगितले. आपल्या रक्तातला जो लाल पदार्थ छातीतून प्राणवायू घेऊन अंगभर पोचवतो, त्यालाच हा वायू चिकटून बसतो. त्याचे चिकटणे प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. मग रक्त अंगात फिरत असते, पण प्राणवायू पोचत नाही. पुढे 1895 साली जॉन हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हा वायू स्वतःच्या छातीत घेऊन काय काय होते ते टिपून ठेवले. कोळशाच्या खाणीत लहान पक्ष्याचा पिंजरा घेऊन जाण्याची सूचना त्यांचीच. पक्ष्याचा जीव लहान आणि श्वास जलद, म्हणून तो माणसाच्या आधी मान टाकतो आणि माणसे बाहेर पळतात. हे वाचले तेव्हा माझ्या मनात आले की बाजेवरच्या बाळाचाही जीव लहान आणि श्वास जलद असतो. खाणीत पक्षी नेत ते माणसांना सावध करण्यासाठी. आपल्या खोलीत मात्र सर्वांत लहान जीवच शेगडीच्या सर्वांत जवळ असतो.

माझ्या नणंदेच्या बाळंतपणात असा प्रसंग आला होता. थंडीचे दिवस होते. खोली नवी, स्लॅबची, खिडकी लावून घेतलेली आणि दाराच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. पहाटे तिचे डोके ठणकू लागले, मळमळू लागले, उठवेना. घरात कोणी म्हणाले वारे बाधले, कोणी म्हणाले दृष्ट लागली. शेजारची एक वयस्क बाई आली. तिने आधी शेगडी उचलून अंगणात नेली आणि दार-खिडकी सताड उघडली. मायलेकरांना ओसरीवर आणले, बाळाला लुगड्यात घट्ट गुंडाळले. तासा-दीड तासात नणंदेला बरे वाटू लागले. तरी तिला दवाखान्यात नेलेच, कारण अशा वेळी बरे वाटले म्हणून घरी राहणे धोक्याचे असते. त्या बाईला वायूचे नाव ठाऊक नव्हते. तिला एवढे ठाऊक होते की बंद खोलीत निखारा माणसाला झोपवतो. आमच्या घरातले दोन जीव त्या दिवशी तिच्यामुळे राहिले.

या ठिकाणी धरणाचा संबंध येतो. गावे उठली, नव्या गावठाणांत वसली. प्रथम कुडाची आणि पत्र्याची घरे झाली, मग ऊस आला, पैसा आला आणि सिमेंटची घरे झाली. हे सर्व चांगलेच झाले. पण माळवदाबरोबर झरोकाही गेला. पत्रा रात्री चटकन गार होतो, म्हणून शेगडी मोठी झाली. स्लॅबच्या खोलीची दारे-खिडक्या नीट बसतात, म्हणून हवा जाण्याची वाट बंद झाली. जुनी चाल जुन्या घराला शोभत होती. घर बदलले आणि चाल तशीच राहिली. शिवाय जळणही बदलले. पाण्याच्या काठाने वेडी बाभूळ माजली, उसाचे पाचट आले, कारखान्याकडून आणलेली पोत्यांतली कोळशाची भुकटीही कोठे कोठे वापरतात. या सगळ्यांचा ताव निराळा आणि धुमसणे निराळे. आजीची परीक्षा बाभळीच्या निखाऱ्यावर ठरलेली होती, ती प्रत्येक जळणाला जशीच्या तशी लावता येत नाही.

चुलीच्या धुराचा विचार मात्र शास्त्रज्ञांनी उशिरा का होईना केला. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकांनी 1980 नंतरच्या काळात आपल्या शेजारच्या गुजरातमधील खेड्यांत जाऊन चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले. सरकारने 1980 नंतरच्या दशकात सुधारलेल्या चुलींची देशभर योजना काढली. 2016 साली गॅसची उज्ज्वला योजना आली. त्यामुळे स्वयंपाकाची चूल पुष्कळ घरांतून मागे सरली, निदान ओसरीवर गेली. बाळंतिणीची शेगडी मात्र कोणाच्या योजनेत आली नाही. ती वर्षातून एखाद्या वेळी, दीड महिना पेटते आणि पुन्हा माळ्यावर जाते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नसावे.

आता मोजण्याच्या साधनाकडे येऊ. आपण ज्याला तापमापक म्हणतो ते पडताळून पाहण्याजोगे व्हायला शंभर-दीडशे वर्षे लागली. इटलीतील सांतोरियो या वैद्याने सतराव्या शतकाच्या आरंभी माणसाच्या अंगाचा ताप नळीने मोजण्याचा प्रयत्न केला. पाऱ्याचा तापमापक डॅनियल फॅरनहाइट यांनी 1714 साली हॉलंडात तयार केला आणि 1724 साली आपली मोजपट्टी प्रसिद्ध केली. स्वीडनच्या सेल्सियस यांनी 1742 साली शंभर अंशांची पट्टी केली. मौज अशी की त्यांनी उकळत्या पाण्याला 0 आणि बर्फाला 100 धरले होते, त्यांच्या मागून ती पट्टी उलटी केली गेली. जर्मनीच्या वुंडरलिश यांनी हजारो रोग्यांचे ताप नोंदून 1868 साली पुस्तक लिहिले आणि माणसाच्या अंगाची ऊब 37 अंश हे त्यांच्यामुळे सर्वतोमुखी झाले. पण त्या काळचा तापमापक हातभर लांब आणि आकडा यायला बराच वेळ घेणारा असे. तो सहा इंचांचा आणि पाच मिनिटांत आकडा देणारा केला तो इंग्लंडचे डॉ. ऑलबट यांनी, 1866-67 च्या सुमारास. तेव्हापासून तापमापक डॉक्टरच्या खिशात मावू लागला.

बाळाची ऊब हा निराळा विषय आहे हे पॅरिसचे डॉ. तार्निये यांनी 1880 च्या सुमारास ओळखले. प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याची पेटी त्यांनी पाहिली आणि तशीच पेटी कमी दिवसांच्या बाळांसाठी करवून घेतली. त्या पेटीत विस्तव बाळाजवळ नसे, गरम पाण्यावरून आलेली हवा बाळाला मिळे आणि आत तापमापक असे. आज मोठ्या दवाखान्यांत काचेची पेटी असते, तिचा हा आरंभ.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाला फार दुःखाचा आरंभ आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि योग्य उपचारावाचून तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या वैद्यकी शिकायला अमेरिकेस गेल्या आणि 11 मार्च 1886 रोजी पदवीधर झाल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. म्हणजे सूतिकागाराचा विषय एका मराठी बाईने त्या काळी परदेशी जाऊन मांडला. परत आल्यावर 26 फेब्रुवारी 1887 रोजी त्या वारल्या. त्यांना स्वदेशात दवाखाना चालवायला मिळाला असता तर आपल्या खोल्यांतल्या कितीतरी चाली लवकर पारखल्या गेल्या असत्या.

त्याच सुमारास, 1885 साली, लेडी डफरीन यांच्या नावाने स्त्रियांच्या दवाखान्यांसाठी निधी निघाला. सोलापुरातला डफरीन चौक आपल्या सर्वांच्या माहितीचा आहे, त्यात तेच नाव आहे. 1903 साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुइणींना शिकवण्यासाठी दुसरा निधी झाला. सुईण शिकली पाहिजे ही कल्पना तेव्हापासूनची. परंतु खेड्यातल्या सुइणीच्या हाती तापमापक पोचायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

ते काम गडचिरोलीत झाले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तेथे 'सर्च' ही संस्था काढली. त्यांनी 39 गावांतल्या, माझ्यासारख्या थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांच्या पिशवीत तापमापक, वजनाचा काटा आणि बाळाला घालण्याची उबदार पिशवी असे. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजत. 1999 साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय पत्रात त्यांचा अहवाल आला. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने 60 टक्क्यांहून अधिक कमी झाले होते. यात ऊब हे एकच कारण नव्हते, जंतुदोषावरचे औषध आणि इतर उपायही होते. पण बाळ गार पडणे हा रोग आहे आणि तो आकड्याने ओळखता येतो, ही गोष्ट त्या बायकांनी खेड्यात सिद्ध केली. पुढे 2005 साली आशाताईंची योजना आली आणि 2011 पासून नवजात बाळाला घरी भेट देण्याचे काम त्यांच्याकडे आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात. त्यांच्या पेटीत आकडे दाखवणारा तापमापक असतो.

आणखी एक शोध सांगितल्यावाचून राहवत नाही. दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरात 1978 साली दवाखान्यात काचेच्या पेट्या पुरेनात. तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायला सांगितले. बाळे जगली आणि वाढली. आता आपल्याही सरकारी दवाखान्यांत हे करतात आणि त्याला कांगारू पद्धत म्हणतात. आईचे अंग ही अशी शेगडी आहे की तिला धूर नाही, वायू नाही, आणि ती जास्त तापत नाही.

मग आपली शेगडी टाकून द्यावी काय? माझे मत असे की बाजेखाली ती ठेवूच नये. पण घरातील वडीलधाऱ्यांना हे एकदम पटत नाही आणि सुनेने हट्ट धरला तर घरात कुरकूर होते. म्हणून ज्या घरी शेकाची रीत सोडवत नाही त्यांच्यासाठी, जाणत्यांकडून कळलेल्या काही गोष्टी येथे लिहिते.

निखारे बाहेर पेटवावे आणि खोली तापवायची असली तर बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना तापवावी. मग शेगडी बाहेर न्यावी, थोडी हवा येऊ द्यावी आणि त्यानंतर त्यांना आत आणावे. रात्री निजताना शेगडी आत ठेवू नये. राखेने झाकली म्हणून ती विझली असे समजू नये. शेगडी आत असेल तेवढा वेळ दार किंवा खिडकी उघडी हवी आणि जागे माणूस जवळ हवे. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, विनाकारण झोप येणे यांपैकी काही झाले तर आधी सर्वांनी बाहेर यावे आणि मग दवाखाना गाठावा. बाळ रडत नाही म्हणून निवांत राहू नये.

खोलीत भिंतीवरचा साधा तापमापक लावावा. तो बाळ निजते त्या उंचीवर असावा, शेगडीच्या समोर नसावा आणि उन्हाच्या भिंतीवरही नसावा. बाळाच्या खोलीला 25 ते 28 अंश ऊब पुरते. आकडा त्याच्या वर चालला तर विस्तवाची गरज नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात खोली आपोआपच 35 च्या वर जाते. तेव्हाही रीत म्हणून शेगडी पेटवणारी घरे आहेत, त्यांनी याचा विचार अवश्य करावा. उन्हाळ्यात बाळ तापल्यावर ते शेगडीने तापले की आजाराने, हे डॉक्टरलाही लवकर कळत नाही.

बाळाच्या अंगाचा तापमापक निराळा. तो काखेत ठेवून हात अंगाशी धरावा आणि वाजेपर्यंत थांबावे. नवजात बाळाचा आकडा 36.5 ते 37.5 च्या आत असावा. ज्या तापमापकावर फॅरनहाइटचे आकडे असतात त्यावर हेच 97.7 ते 99.5 दिसते. आपण "शंभर ताप आला" म्हणतो तो फॅरनहाइटचा, आणि भिंतीवरचा 28 हा सेल्सियसचा. दोन्ही पट्ट्या आपल्या घरांत शेजारी शेजारी नांदतात, म्हणून कोणती वाचत आहोत ते आधी पाहावे. हे वाचायला फार शिक्षण लागत नाही. मी सातवीपर्यंत शिकले, पण दशांश अपूर्णांक त्यापूर्वीच शिकवतात.

तापमापक नसेल तेव्हा जुनी पोटाची आणि तळव्याची परीक्षा आहेच. पोट आणि पाय दोन्ही उबदार असले तर बाळ ठीक. पोट उबदार पण पाय गार असले तर बाळाला थंडी वाजू लागली आहे, त्याला छातीशी धरावे, टोपी-मोजे घालावे आणि दूध पाजावे. पोट आणि पाय दोन्ही गार असले तर बाळ फार गार पडले आहे. अशा वेळी शेगडीपाशी नेऊन वेळ दवडू नये, छातीशी बांधून तडक दवाखान्यात जावे. जन्मल्यावर लगेच न्हाऊ घालू नये, निदान एक दिवस जाऊ द्यावा. पाणी काढताना घंगाळात आधी गार पाणी घालावे आणि मग कढत. शेकायला रबरी पिशवी वापरली तर ती फडक्यात गुंडाळावी आणि बाळाला चिकटवून ठेवू नये. घरात जुना पाऱ्याचा तापमापक असेल तर जपावे. पारा विषारी आहे, आणि 2013 च्या मिनामाता करारानंतर जगभर तो हळूहळू बंद होत आहे. फुटलाच तर झाडूने झाडू नये, खिडकी उघडून कागदावर गोळा करावा.

शेवटी मंडळाला एक सूचना करावीशी वाटते. आपल्यापैकी कोणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की आपण बाळंतविडा नेतो. त्यात डिंकाचे लाडू, अंगडे-टोपडे, दुपटे आणि शेपा-ओवा असतो. यापुढे मंडळाच्या वतीने जो बाळंतविडा जाईल त्यात भिंतीवरचा एक तापमापक ठेवावा. सव्वा महिना झाला की तो परत घ्यावा आणि पुढच्या घरी द्यावा. वर्गणीतून असे चार-पाच तापमापक घेतले तर आपल्या गावाला आणि शेजारच्या वस्त्यांना पुरतील. देताना मात्र नुसता देऊ नये. जिला चांगले वाचता येते अशा भगिनीने त्या घरच्या आजीजवळ बसून 25 आणि 28 या दोन आकड्यांपाशी तांबड्या शाईने खूण करून द्यावी. आजीला हाताच्या पाठीची परीक्षा येतेच. तिने आधी हाताने अंदाज सांगावा आणि मग आकडा पाहावा. तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघेल, आणि तसे झाले म्हणजे तापमापकावरही तिचा विश्वास बसेल. पुढच्या सभेत हा विषय घ्यावा अशी माझी चिटणीसबाईंना विनंती आहे.